तुझ्या शोकसभेत मी बसून राहिले

रत्ना, काल तुझ्या शोकसभेत सगळं सभागृह दोन मिनिटं उभं होतं आणि मी एकटी खुर्चीत बसून होते. ही बातमी एव्हाना बसस्टँडपर्यंत पोचली असेल. आज स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. चहा आला, सगळ्यांना मिळाला, मला कुणी विचारलं नाही. इंग्रजीच्या मॅडम तेवढ्या जाता जाता म्हणाल्या, "बीपीची गोळी वेळेवर घेता ना?" म्हणजे माझं डोकं फिरलं असं ठरलेलं दिसतं. जिच्याशी रोज भांडली आणि रोज जिच्या डब्यातलं खाल्लं, तिच्यासाठी हिला उभं राहवलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला याहून वेगळं काय दिसणार? त्यांना समजावत बसायचा मला कंटाळा आहे. तुला मात्र सगळं सांगणार आहे, कारण याची सुरुवात तू करून ठेवलीस आणि आता नामानिराळी झालीस.

आठवतंय ना, संस्थेचे जुने अध्यक्ष गेले तेव्हाची शोकसभा? आताचे अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांचे वडील. प्राचार्यांनी ठराव वाचला. त्यात एक वाक्य होतं की मुलींचं वसतिगृह ही त्यांनी या जिल्ह्याच्या लेकींना दिलेली देणगी आहे. त्या वसतिगृहात तेव्हा त्यांच्या पुतण्याच्या दुकानाचा खताचा साठा होता आणि मुली भाड्याच्या खोल्यांमध्ये राहत होत्या. सगळे उठले. मी उठले. माझ्या उजव्या हाताला तू बसलेलीच. मला वाटलं तुला चक्कर आली. मी वाकून बघितलं, तर तू छान मांडीवर हात ठेवून समोर बघत होतीस.

मी तुझ्यावर किती चिडले होते! मेलेल्या माणसाशी कसलं भांडण, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "माणसाशी नाही गं, ठरावाशी. उभं राहिलं की ठराव मंजूर होतो. राज्यशास्त्र तू शिकवतेस, आणि हे मी सांगायचं?" इतिहासवाल्यांना असं टोचून बोलायची सवयच असते. मीही सोडलं नाही. म्हटलं, ती दोन मिनिटं मेलेल्यासाठी नसतात, घरच्यांसाठी असतात. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती, तिनं मागे वळून तुला पाहिलं, तिला तुझा ठराव-बिराव काय कळणार? तिला एवढंच कळलं की माझ्या नवऱ्यासाठी ही बाई उठली नाही.

यावर तुला उत्तर सुचलं नाही. तुला उत्तर न सुचण्याचे प्रसंग मी जपून ठेवलेत, फार नाहीत म्हणून. बऱ्याच वेळानं तू म्हणालीस, "मग त्यांच्या घरी जाऊन सांगायला पाहिजे." तू गेलीस का, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पुढे वर्षानुवर्षं कुठलीही शोकसभा असली की मी तुला आधीच दटावायचे, "आज उभी राहशील ना?" आणि तू म्हणायचीस, "आधी ठराव ऐकू दे."

हे भांडण आपण कुठे कुठे नेलं! निवडणुकीच्या ड्युटीवर आपल्याला एकत्र मुकुटबनला टाकलं होतं. यंत्राच्या पेट्या उतरवून झाल्या, शाळेच्या व्हरांड्यात आपण पाय सोडून बसलो, गावातल्या बायांनी भाकर आणि ठेचा आणून दिला. दुसरं कुणी असतं तर झोपलं असतं. तू बोटाला लागलेला ठेचा चाटत म्हणालीस, "बघ, उद्या इथं प्रत्येकाला एकट्याला पडद्याआड जाऊ देतात. का? कारण दहा लोक बघत असले की माणूस दहा जणांसारखंच करतो. शोकसभेत पडदा नसतो." मी म्हणाले, तुझं सगळं बरोबर आहे पण तू माणसांत राहायच्या लायकीची नाहीस. तू इतकी हसलीस की सोबतच्या पोलीसदादानं टॉर्च मारून बघितलं. तू मत कुणाला देतेस हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचीस, गुप्त मतदानाचा धडा पहिल्या वर्षाला तूच शिकवतेस ना?

मला तुझा राग यायचा, रत्ना. तो अजून गेलेला नाही. तू गेलीस म्हणून तो जावा असं मला वाटतही नाही, तो गेला तर मग उरलं काय? तू प्रत्येक गोष्ट टोकाला न्यायचीस आणि मी मधला रस्ता शोधायचे. मला तुम्ही सगळे 'मिटवामिटवी खातं' म्हणायचात, मला माहीत आहे. पण मिटवलं म्हणून चार कामं झाली हेही खरं. तासिकेवर शिकवणाऱ्या तरुण मुलांना दोन वर्षं घरी बसवणार होते, त्यांना प्राचार्यांकडून मी परत आणलं. तू मोर्चा काढणार होतीस. तुझा मोर्चा निघाला असता, फोटो आला असता, आणि ती पोरं घरीच बसली असती.

सकाळच्या सत्रावरून आपलं फाटलं तेही असंच. तुझ्या लाडक्या सकाळच्या सत्रावरून. कला शाखेचे सात वाजताचे तास म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांना सर्दी व्हायची, आणि तू मागून घ्यायचीस. बाभुळगावकडून पहिल्या एसटीनं येणारी पोरं, आणि तास संपले की तशाच लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला पळणाऱ्या पोरी. तू त्यांना वर्गात डबा खायची परवानगी दिली होतीस. तुझ्यानंतरचा तास माझा असायचा. मी लोणच्याच्या वासात मूलभूत हक्क शिकवायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या द्यायचे.

संस्थेला ते सत्र बंद करायचं आहे हे दिवाळीपासून आपल्याला कळत होतं. त्याच खोल्यांमध्ये फी घेऊन चालवायचा कौशल्याचा अभ्यासक्रम आणायचा आहे. पण एक अडचण होती. सत्र बंद करायला विद्यापीठाला शिक्षकांचा सर्वानुमते ठराव लागत होता, आणि तू हयात असेपर्यंत या कॉलेजात सर्वानुमते काही होणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी गेटजवळ तू स्कूटी सुरू ठेवूनच माझ्याशी भांडलीस. मी म्हणाले, अर्ध्या पोरांना दुपारच्या सत्रात बसवू, बाकीच्यांनी बाहेरून परीक्षा द्यावी, निदान सगळंच तरी जाणार नाही. तू म्हणालीस, "म्हणजे कामावर जाणाऱ्या पोरींनी वर्गात बसायचं नाही, हे आता तू ठरवलंस." मी म्हणाले, हरणारी लढाई किती दिवस लढायची? तू हेल्मेटचा पट्टा लावत म्हणालीस, "उद्या बोलू. सकाळचे तास झाले की बोलू." आणि गेलीस. मागे बघून हात केला नाहीस. एरवी करायचीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्कूटी स्टँडला लावलीस, हेल्मेट हँडलला अडकवलंस आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलीस. तुझ्या पोरींना वाटलं मॅडम फोन बघायला थांबल्या. मग त्या धावत माझ्याकडे आल्या. पुढचं मला लिहायचं नाही. माझ्याजवळ बोलायला खूप होतं, मी रस्ताभर मुद्दे जुळवत आले होते, आणि तू मला एकही मुद्दा मांडू दिला नाहीस.

जलदान विधीला मी तुझ्या घरी आले होते. तुझी माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमचं भांडण झालतं म्हणे?" तू घरी जाऊन सांगितलं होतंस तर! मी म्हणाले, रोजचंच होतं. ती म्हणाली, "हो, थे सांगे. भांडून आली का दोन पोळ्या जास्त खाये." त्यानंतर मला तिथं बसवेना.

आणि मग काल शोकसभा. तुझा भाऊ मायला घेऊन आला होता. पहिल्या रांगेत मधोमध तिला बसवलं, पांढरं लुगडं, हातात काठी. मी तिच्या मागच्या रांगेत. व्यासपीठावर भाऊसाहेब स्वतः, कारण निवडणूक जवळ आली आहे आणि तुझ्या वस्तीत मतं आहेत. सूत्रसंचालन आपल्या कॉमर्सच्या सरांकडे. त्यांना सवय स्नेहसंमेलनाची. त्यांनी सुरुवातच केली, "मान्यवरांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत." आणि शाल खरोखर आणलेली होती! भाऊसाहेबांच्या खांद्यावर ती पडली, दोन-चार पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग इकडेतिकडे बघून ती थांबली. तू शेजारी असतीस तर मला चिमटा काढला असतास. मी माझ्याच हाताला चिमटा काढला.

भाऊसाहेब बरं बोलले. तू त्यांची बहीण होतीस असं म्हणाले. जिवंत असताना त्यांनी तुला दोन नोटिसा दिल्या होत्या, पण भावाबहिणींत होतं असं कधीकधी.

मग प्राचार्यांनी ठराव वाचायला घेतला. पहिलाच शब्द 'कैलासवासी'. तुम्हा बौद्धांकडे कालकथित म्हणतात, हे तुझ्यासोबत याच कॉलेजात आयुष्य काढलेल्या प्राचार्यांना माहीत नसावं? तू आणि कैलास! मी मनात म्हटलं, जाऊ दे, चुकून झालं असेल, नंतर सांगू. मी अजूनही मिटवतच होते. पुढे तुझं शिक्षण, तुझी सेवा, तुझा मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तेही मी गिळलं. आणि मग शेवटचा परिच्छेद आला. ग्रामीण विद्यार्थ्यांना काळाची कौशल्यं मिळावीत अशी दिवंगत प्राध्यापिकांची तळमळ होती. त्यांच्या इच्छेचा मान राखून कला शाखेचं सकाळचं सत्र पुढच्या वर्षापासून बंद करण्यात यावं आणि त्या जागी त्यांच्या नावानं कौशल्य केंद्र सुरू करावं, अशी ही सभा एकमुखानं शिफारस करते.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बाजूला बघितलं तर भूगोलाचे सर मान खाली घालून बसले होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. बहुतेकांना माहीत असावं. जे तू जिवंतपणी होऊ दिलं नाहीस, ते तुझ्याच नावानं, तुझ्याच शोकसभेत, सगळ्यांना उभं करून होणार होतं. किती सोपं! उभं राहिलं की मंजूर, आणि उभं न राहण्याची कुणाची छाती?

मी हात वर केला. "सर, शेवटच्या परिच्छेदाबद्दल..." प्राचार्य म्हणाले, "मॅडम, प्रसंगाचं भान ठेवा," आणि लगेच माइकमध्ये, "आपण सर्वजण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून हा ठराव मंजूर करू या."

खुर्च्या सरकल्या. समोर तुझी माय काठीवर जोर देऊन उठायला लागली, भावानं तिला बगलेत धरून उभं केलं. तिची पाठ माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर. रत्ना, मी तेव्हा तुझा काय राग राग केला सांगू! मला ठरावाची भीती नव्हती, भाऊसाहेबांची तर नव्हतीच. माझ्यासमोर ती पाठ होती. मीच तुला म्हटलं होतं ना, ही दोन मिनिटं घरच्यांसाठी असतात? आता घरची माणसं माझ्या समोर उभी होती आणि माझे पाय उठायला निघालेले होते. उठले तर माय वळून बघेल तेव्हा तिला तिच्या पोरीची मैत्रीण दिसेल. नाही उठले तर तिला काय दिसेल?

मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले. शेजारच्या मॅडम माझा पदर ओढत होत्या. "काय करून राह्यल्या तुम्ही? उठा ना! लोक पाहून राह्यले." खरंच पाहत होते. डोळे मिटायचे सोडून सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. आणि मग मायनं मान वळवली आणि मला पाहिलं. नुसतं पाहिलं. मग पुन्हा समोर तोंड केलं. तेव्हा अध्यक्षांच्या बायकोची नजर तू कशी सोसलीस गं? मला तर त्याच क्षणी उठून तिचे पाय धरावेसे वाटले.

"ठराव सर्वानुमते मंजूर," प्राचार्य म्हणाले.

मी बसल्या बसल्याच म्हणाले, "सर्वानुमते लिहू नका." माझा आवाज फाटला होता. "माझा विरोध लिहा."

"म्हणजे मॅडमना श्रद्धांजली द्यायला तुमचा विरोध आहे, असं इतिवृत्तात लिहू का?"

"विरोध ठरावाला आहे. पण तुम्हाला तसंच लिहायचं असेल, तर तसं लिहा."

ते लिहिणार आहेत. आज टायपिंगला गेलंय. कॉलेजच्या कागदावर कायमचं राहील की रत्नमालेला श्रद्धांजली द्यायला एका माणसाचा विरोध होता आणि तो माणूस मी. भाऊसाहेब माझ्याकडे बघून मोठ्या मनानं हसले आणि माइकमध्ये म्हणाले, "मॅडम दुःखात आहेत. आपण समजून घेऊ." ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी दुःखात होतेच. पण डोकं माझं इतकं शांत कधीच नव्हतं.

सत्र वाचेल का? मला माहीत नाही. 'सर्वानुमते' नाही म्हणून विद्यापीठातून कागद परत येईल कदाचित, किंवा नाही येणार, फोन जातील, जुळवून घेतलं जाईल. हरणारी लढाई असते तीही लढायची, असं मला अचानक पटलं वगैरे समजू नकोस. मला अजूनही वाटतं की तू माझं दुपारचं सुचवणं ऐकायला हवं होतंस. पण तुझ्या तोंडी तू न बोललेलं वाक्य घालून त्यावर मला उभं करायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. आज सकाळी सात वाजता तुझा तास मी घेतला. इतिहास मला येत नाही, मी आपलं संविधान शिकवलं. डबे उघडायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, खा.

काल सभा संपल्यावर सुट्टी जाहीर झाली आणि सभागृह भराभर रिकामं झालं. मी जागची हलले नाही. दरवाजातून एकटीनं, सगळ्यांच्या नजरा झेलत जायचं माझ्याच्यानं होईना. तुझा भाऊ ऑटो आणायला बाहेर गेला. माय खुर्च्यांना धरत धरत माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ती विचारेल आणि मी मरेन.

"काहून बसली होती वो पोरी?" ती म्हणाली. "पाय दुखून राह्यले का तुये?"

तिनं माझ्यासाठी सबबसुद्धा शोधून आणली होती. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मी म्हणाले, "नाही माय. त्या कागदात शेवटी लिहिलं होतं की सकाळचं कॉलेज बंद करा, आणि ही रत्नाची इच्छा होती. उभं राहिलं की ते मंजूर होतं. म्हणून नाही उठले."

तिनं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"सकायचं? बंद?" ती म्हणाली. "माह्या पोरीनं म्हटलं?"

"नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं."

"अन् मी उभी राह्यली." ती हे मला नाही, स्वतःलाच म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "मले कोणी सांगतलंच नाही वो. मले वाटलं, लेकीसाठी उभं राहा लागते. सांगतलं असतं त मीबी बसली असती."

तिनं काठी समोरच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि हळूहळू, गुडघा धरत, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. ज्या बाजूला तू बसायचीस त्याच बाजूला, उजवीकडे. तेवढ्यात तुझा भाऊ दारातून हाक मारत आला, "चाल माय, ऑटो थांबला हाय."

"थांब," माय म्हणाली. तिनं मांडीवर हात ठेवले होते आणि रिकाम्या व्यासपीठाकडे बघत होती. "दोन मिनिटं होऊ दे."